स्वतःच्या मर्जीने

१७४२ सालची गोष्ट. रेव्हाल म्हणजे आजच्या एस्टोनियातले टालिन. तेव्हा ते बाल्टिक समुद्रावरचे रशियन साम्राज्याचे मोक्याचे ठाणे होते. तिथल्या किल्ल्याचा मुख्य अधिकारी, मेजर जनरल अब्राम पेत्रोविच गानिबाल, याने सम्राज्ञी एलिझाबेथच्या दरबारी एक अर्ज पाठवला. मागणी दोन गोष्टींची होती : उमरावपदाची सनद आणि कुलचिन्ह. आपण मूळचे आफ्रिकेचे, तिथल्या थोर घराण्यातले; आपला जन्म वडिलांच्या अमलाखालच्या लागोन या गावी झाला, त्यांच्या ताब्यात आणखी दोन गावे होती, असे त्याने लिहिले. त्यापुढचे वाक्य असे, की लहान वयात आपण सावा व्लादिस्लाविच यांच्यासोबत कॉन्स्टँटिनोपलहून रशियात आलो, आणि आलो ते स्वतःच्या मर्जीने.

या माणसाबद्दल मी पुष्कळ वाचले, पण फिरून फिरून येतो तो या वाक्यापाशी. सात-आठ वर्षांचे पोर घरातून हिरावले गेले, समुद्र ओलांडून सुलतानाच्या राजधानीत पोहोचले, तिथून पैसे मोजून रशियाकडे नेले गेले. त्यात त्याची मर्जी कुठे होती? उमरावपद मागणाऱ्याला आपण विकले गेलो होतो असे लिहून चालणार नव्हते, हे उघड आहे. पण मला या शब्दांत नुसती सोय दिसत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेला एक माणूस आपल्या आयुष्याचा पहिला दिवस परत हातात घेतो आणि तिथे स्वतःची सही करतो, असे मला ते वाटते. या पुस्तकाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा दुसरे काही सुचलेच नाही.

गानिबालचे नाव मराठी वाचकाच्या कानावर आलेच असेल तर ते पुश्किनमुळे. रशियन भाषेचा तो महाकवी याचा पणतू. पुश्किनची आई नादेज्दा, तिचे वडील ओसिप, आणि ओसिपचे वडील हा अब्राम. कवीच्या कुरळ्या केसांचे आणि सावळ्या वर्णाचे मूळ सांगताना पणजोबांचा उल्लेख होतो, दोन ओळी लिहिल्या जातात आणि लेख पुढे सरकतो. त्या दोन ओळींत बहुधा एवढेच असते की पीटर द ग्रेटला एक काळा मुलगा आवडला, त्याने त्याला वाढवले, शिकवले आणि सेनापती केले. मला आक्षेप घ्यायचा आहे तो या ‘केले’वर.

सुरुवात गावापासून करू. अर्जात लागोन एवढेच आहे. नदी नाही, राज्य नाही. अब्रामच्या मृत्यूनंतर त्याचा जावई रोटकिर्ख याने सासऱ्याचे छोटे चरित्र जर्मनमध्ये लिहिले. त्यात तो ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचा, ठरला आणि कार्थेजच्या हॅनिबालशी त्याचे नाते जोडले गेले. १८९९ मध्ये, पुश्किनच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मानववंशशास्त्रज्ञ दिमित्री अनुचिन यांनी ॲबिसिनियाचीच बाजू उचलून धरली. त्यांच्या विवेचनाच्या तळाशी त्या काळाचा वर्णविचार आहे. एवढ्या मोठ्या कवीचा पूर्वज खोल आफ्रिकेतला काळा माणूस असेल, हे त्या पिढीच्या विद्वानांना मनातून पटत नव्हते. ॲबिसिनियन माणूस त्यांच्या वर्गवारीत जरा ‘वरचा’ होता. पुढे जवळजवळ शंभर वर्षे हेच प्रमाण मानले गेले. मग १९९० च्या दशकात बेनिनचे अभ्यासक द्यूदोने न्यामांकू यांनी नकाशाच उलटा धरला. चाड सरोवराच्या दक्षिणेला, आजच्या कॅमेरूनमध्ये, लोगोन नदीकाठी लोगोन-बिर्नी नावाचे तटबंदीचे गाव आहे. कोटोको लोकांच्या एका जुन्या राज्याची ती राजधानी. अर्जातले लागोन ते हेच, असे त्यांचे म्हणणे.

अब्रामच्या मोहोरेवर एक हत्ती आहे, मुकुट आहे आणि ‘फुम्मो’ असे वाचता येणारी पाच लॅटिन अक्षरे आहेत. न्यामांकूंनी त्या शब्दाचा अर्थ कोटोको भाषेत शोधला. इतर काहींना ती एका लॅटिन वाक्याची आद्याक्षरे वाटतात. नशिबाने माझे आयुष्य पुरते पालटले, अशा अर्थाच्या वाक्याची. माझा कौल लोगोन-बिर्नीला आहे. उत्तरेला त्रिपोलीकडे आणि तिथून इस्तंबूलच्या बाजारात माणसे नेणारी वाळवंटातली वाट त्या मुलखातून जात होती, आणि नावाचे साम्यही दूरान्वयाचे नाही.

या वादामुळे मला एक मराठी शब्द सोडावा लागला. आफ्रिकेतून आलेल्या माणसाला आपल्याकडे पूर्वापार हबशी म्हणतात. पण हबशी म्हणजे हबशाणातला, म्हणजेच ॲबिसिनियातला. तो शब्द वापरला की जन्मगावाचा वाद न बोलताच निकालात निघतो. रशियनमध्ये अब्रामला ‘अराप’ म्हणत. ‘अरब’शी त्याचे उच्चारसाम्य आहे, पण रशियन कानाला त्यातून काळा माणूस कळतो. मी जिथे अवतरण द्यायचे तिथे अराप ठेवला आहे, एरवी त्याला नावानेच हाक मारली आहे.

हबशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मलिक अंबर उभा राहतो, आणि राहावाच. तोही विकला गेलेला आफ्रिकन मुलगा. पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, खडकी वसवली, १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र धूळ चारली. तुलनेचा मोह मी आवरला आहे, कारण दोघांच्या पायाखालची जमीन वेगळी होती. दख्खनच्या सुलतानशाह्यांत हबशी सरदारांची परंपरा होती. अंबरला विकत घेणारा चंगीजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम होता. अंबरच्या मागेपुढे त्याच्या रंगाची, त्याच्या वाटेने आलेली हजारो माणसे होती. अब्रामच्या बाजूला कोणी नव्हते. रशियात लष्करी गुलाम नावाची संस्थाच नव्हती. होती ती दरबारात काळी मुले बाळगण्याची युरोपातली हौस. पोपट, माकड, बुटका विदूषक आणि भरजरी कपड्यांतला काळा पोऱ्या, अशी ती ओळ होती.

त्या हौसेपायीच त्याची खरेदी झाली. इस्तंबूलमधला रशियन वकील होता प्योत्र आंद्रेयेविच टॉल्स्टॉय, पुढच्या काळातल्या लिओ टॉल्स्टॉयचा पूर्वज. त्याच्या संगनमताने सावा व्लादिस्लाविच रागुझिन्स्की या व्यापाऱ्याने आफ्रिकन मुले मिळवली आणि १७०४ मध्ये ती मॉस्कोला पोहोचली. त्यांच्यात इब्राहिम होता. १७०५ मध्ये विल्ना, म्हणजे आजच्या व्हिल्नियस, येथल्या संत परास्केवाच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. धर्मपिता झाला खुद्द झार पीटर, म्हणून पेत्रोविच. पहिले नाव पीटर ठेवायचे होते, पण पोराने रडून गोंधळ घातला आणि इब्राहिमला जवळचे म्हणून अब्रामवर भागवले, असे त्या घराण्यात सांगत. त्या चर्चच्या भिंतीवर आज एक पाटी आहे. झारने इथे आफ्रिकन हॅनिबालला बाप्तिस्मा दिला असे तिच्यावर कोरले आहे. फक्त त्याला पुश्किनचा आजा म्हटले आहे. दगडावर एक पिढी गळाली.

अब्रामच्या जोडीने त्याचा भाऊही रशियात आला होता. त्याचे नाव अलेक्सेई ठेवले गेले. त्याच बाजारातून, त्याच वाटेने, त्याच झारच्या घरात तो आला आणि प्रेओब्राझेन्स्की रेजिमेंटमध्ये ओबो हे वाद्य वाजवणारा वादक झाला. त्यापलीकडे इतिहासाने त्याची दखल घेतलेली नाही. झारच्या कृपेनेच जर माणूस सेनापती होत असेल, तर कृपा दोघांवर झाली होती. अलेक्सेईची कागदपत्रे तुटपुंजी आहेत, तरी मी त्याला या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. छोटे आहे, पण ते गाळू नये अशी वाचकाला विनंती आहे. त्याच्याशिवाय अब्रामचे वेगळेपण मोजायला आपल्याजवळ दुसरे माप नाही.

पीटरच्या घरात अब्राम नेमका काय होता? आधी हरकाम्या, मग खासगी लेखनिक. झारच्या खोलीलगत झोपायचे, रात्रीबेरात्री काही सुचले की तो हाक मारी, तेव्हा दिवा आणि पाटी घेऊन जायचे. पीटर स्वतः जहाजाचे लाकूड तासणारा, सुतारकामाचा आणि यंत्रांचा वेडा राजा. १७०० मध्ये नार्व्हाला स्वीडिश फौजेने त्याचा धुव्वा उडवला होता आणि तोफा, किल्ले, हिशेब या गोष्टी शिकल्याशिवाय तरणोपाय नाही हे त्याला कळून चुकले होते. १७०१ मध्ये त्याने मॉस्कोत गणित आणि नौकानयनाची शाळा काढली. १७०३ मध्ये दलदलीत नव्या राजधानीचा पाया घातला. अशा माणसाच्या सावलीत बारा वर्षे वाढलेल्या हुशार मुलाला दरबारी मानमरातबाऐवजी आकडेमोडीची गोडी लागली, यात नवल नाही. मात्र ती सगळ्यांना लागली नाही, हेही तितकेच खरे.

१७१७ मध्ये पीटर पॅरिसला गेला आणि परतताना अब्रामला शिकण्यासाठी मागे ठेवून आला. इथून माझ्या दृष्टीने खरी गोष्ट सुरू होते.

फ्रान्स ही तेव्हा दुर्गविद्येची काशी होती. चौदाव्या लुईचा अभियंता व्होबाँ १७०७ मध्ये वारला होता, पण त्याची पद्धत प्रत्येक शाळेत शिकवली जात होती. किल्ले पाहत लहानाचे मोठे झालेल्या मराठी माणसाला ती समजून घ्यायला फार वेळ लागू नये. आपला गोल बुरूज डोळ्यांसमोर आणा. वरून लांबवर मारा करता येतो, पण बुरुजाच्या अगदी बुडाशी एक पट्टा असा राहतो की तिथे ना जंगीतून गोळी पोहोचते ना तोफेचा गोळा. शत्रू एकदा त्या आंधळ्या जागेत शिरला की निवांत सुरुंग भरतो. डोंगरी किल्ल्याला कडा सांभाळून घेतो. बाल्टिकच्या सपाट किनाऱ्यावर कडा आणायचा कुठून? युरोपातल्या अभियंत्यांनी बुरूज गोल न ठेवता त्याला बाणाच्या टोकासारखे कोन दिले. एका बुरुजाच्या कुशीत ठेवलेल्या तोफेने शेजारच्या बुरुजाच्या तोंडासमोरची जमीन झाडून काढायची आणि शेजारच्याने याच्यासमोरची. एकही वीत आंधळी राहता कामा नये. त्यासाठी कोन किती अंशांचा, दोन बुरुजांत अंतर किती, खंदक किती रुंद, त्यातून निघालेली माती तटाला पुरेल की उरेल, हे सगळे आधी कागदावर सोडवावे लागते. कंपास, पट्टी आणि त्रिकोणमितीची कोष्टके ही त्या धंद्याची हत्यारे. कोन चुकला तर तो चुकला आहे हे कोणालाही कंपास लावून दाखवता येते, आणि बरोबर असेल तर त्याला कोणी नावे ठेवू शकत नाही. कातडीच्या रंगावरून रोज तोलल्या जाणाऱ्या तरुणाला या विद्येत केवढा मोकळा श्वास मिळाला असेल, याची मी कल्पना करू शकतो.

विद्या सहज मिळाली नाही. १७२० मध्ये उत्तर फ्रान्समधल्या ला फेर येथे तोफखान्याची शाळा निघाली, पण परदेशी माणसाला तिथे शिरायचे तर फ्रेंच सैन्यात नाव घालावे लागे. त्याआधीच स्पेनविरुद्धच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने उतरून त्याने डोक्याला जखम करून घेतली होती. पुढे कप्तानही झाला. त्यात पैशाचे हाल. जॉन लॉ या स्कॉटिश माणसाच्या सल्ल्याने फ्रान्सने कागदी पैसा आणला होता आणि १७२० मध्ये तो साफ कोसळला. रशियाकडून येणारा तुटपुंजा भत्ता त्या नोटांत मिळे, आणि बाजारात नोटा कोणी घेईना. झारचा सचिव मकारोव याला अब्रामने लिहिलेली पत्रे या तक्रारींनी भरलेली आहेत. आम्ही कर्जात बुडालो ते उधळपट्टीने नव्हे, या कागदी पैशापायी, असे तो परोपरीने सांगतो. परत बोलावणे आले तेव्हा आणखी शिकू द्या म्हणून आर्जवे करतो. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो, की समुद्रमार्गाने पाठवू नका. वेळ पडली तर पायी येईन. लहानपणी एकदा जहाजात बसून तो सगळ्यांना कायमचा अंतरला होता. पत्रात तसे लिहिलेले नाही. हा धागा माझा मी जोडला आहे.

१७२३ मध्ये तो परतला तेव्हा अंगावर कर्ज होते आणि सोबत सुमारे ४०० पुस्तके. अर्धपोटी राहणाऱ्या माणसाने पै पै करून जमवलेला तो संग्रह. सहा वर्षांत त्याने काय कमावले, याचा याहून बोलका हिशेब मला सापडलेला नाही.

प्रेओब्राझेन्स्की रेजिमेंटच्या तोफखान्यात त्याला अभियंता-लेफ्टनंट म्हणून घेतले आणि तरुण सैनिकांना गणित शिकवायला लावले. दीड-दोन वर्षांत, जानेवारी १७२५ मध्ये, पीटर वारला. आता कृपेचा प्रश्न संपला. अब्रामने या काळात काय केले? पाठ्यपुस्तक लिहिले. दोन भागांचे, पहिल्यात व्यावहारिक भूमिती, दुसऱ्यात दुर्गरचना. ते हस्तलिखित त्याने पीटरची विधवा, सम्राज्ञी कॅथरिन पहिली, हिला अर्पण केले. रशियन भाषेत या विषयाची पुस्तके तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती.

मे १७२७ मध्ये कॅथरिनही गेली आणि सत्ता मेन्शिकोवच्या हाती आली. पीटरचा हा जुना सोबती नव्या बालझारभोवती आपल्याशिवाय कोणी उरू देणार नव्हता. अब्रामला तडकाफडकी कझानला पाठवले, तिथून तोबोल्स्कला, तिथून आणखी पूर्वेला, बैकाल सरोवरापलीकडे चीनच्या सरहद्दीवरच्या सेलेंगिन्स्कला. बहाणा किल्ला बांधण्याचा होता. पण थट्टेसारखी दिलेली ती कामगिरी त्याने खरी मानली. किल्ल्याची जागा पाहिली, आखणीला हात घातला. योगायोग असा, की त्याच सरहद्दीवर तेव्हा चीनशी तहाची बोलणी करायला रशियाचा राजदूत येऊन राहिला होता. १७२७ चा क्याख्ताचा तह म्हणून इतिहासात ओळखला जातो, तो त्यानेच घडवला. त्याचे नाव सावा व्लादिस्लाविच रागुझिन्स्की. इस्तंबूलहून मुले आणणारा तोच व्यापारी. तेवीस-चोवीस वर्षांनी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, विकत घेणारा आणि घेतला गेलेला पुन्हा एका मुलखात होते, आणि सरहद्दीवर हव्या असलेल्या किल्ल्यासाठी राजदूताला आता याच माणसाच्या विद्येची गरज होती.

मेन्शिकोव त्याच वर्षी पडला आणि स्वतः सैबेरियात बेर्योझोवला जाऊन मेला. अब्राम १७३० नंतर परतला, तो सेनापती म्युनिखच्या मदतीने. म्युनिख जर्मन; स्वतः कालवे आणि किल्ले बांधणारा माणूस. त्याला अभियंते हवे होते. पुढे एलिझाबेथच्या राज्यारोहणानंतर हाच म्युनिख सैबेरियात गेला आणि अब्राम मात्र वर चढला. त्याच्या आयुष्यात आश्रयदाते एकामागून एक कोसळले. दर वेळी नव्या राज्यकर्त्याला किल्ला हवाच होता, आणि किल्ल्याचे गणित येणारी माणसे थोडी होती.

आता मला एका अशा गोष्टीविषयी लिहायचे आहे की ती टाळून हे पुस्तक लिहिता आले नसते. १७३१ मध्ये अब्रामने येवदोकिया दिओपेर हिच्याशी लग्न केले. ती आरमारातल्या एका ग्रीक कप्तानाची मुलगी. तिचे मन दुसऱ्यावर होते. बापाने बळजबरीने लावून दिले. नवरा-बायको पेर्नाऊला, म्हणजे आजच्या पार्नूला, राहायला गेली. तिथे तो लष्करी शाळेत गणित शिकवत होता. तिला झालेली मुलगी गोरी निघाली. अब्रामने तिच्यावर व्यभिचाराचा आणि आपल्याला विष घालण्याच्या कटाचा आरोप ठेवला. तिने कबुली दिली; पण पुढे पीटर्सबर्गच्या चौकशीत तिने सांगितले, की नवऱ्याने कोंडून, मरेस्तोवर मारून ती वदवून घेतली होती. अकरा वर्षे ती कैदेत होती. दरम्यान १७३६ मध्ये, पहिले लग्न मोडलेले नसताना, त्याने क्रिस्टिना श्योबेर्ग हिच्याशी दुसरे लग्न केले आणि तिच्यापासून त्याला मोठी लेकरवळ झाली. पहिल्या लग्नाचा निकाल १७५३ मध्ये लागला. येवदोकियाची रवानगी तिख्विनच्या मठात झाली आणि तिचा शेवट तिथेच झाला.

ज्याला स्वतःला एकेकाळी कोणी विचारले नव्हते, त्याने न विचारलेल्या एका मुलीला घरात आणले आणि मग कोंडले. तेव्हाचे कायदे तसे होते, सैनिकांत मारहाण सर्रास चाले, वगैरे सगळे मला ठाऊक आहे. त्याने येवदोकियाचा एकही दिवस कमी होत नाही. त्याच्या चरित्रकारांपैकी काहींनी हा भाग दोन वाक्यांत उरकला आहे. मी तिच्या जबानीला तिची पूर्ण जागा दिली आहे. ती प्रकरणे वाचताना अब्रामबद्दलचा आदर उणावला तर उणावू द्यावा.

एलिझाबेथ ही पीटरची मुलगी. नोव्हेंबर १७४१ मध्ये तिने गादी घेतली आणि बापाच्या जुन्या माणसाला ती विसरली नाही. १७४२ मध्ये तो मेजर जनरल आणि रेव्हालचा मुख्य किल्लेदार झाला. प्स्कोव्ह प्रांतातली मिखाइलोव्स्कोयेची जहागीर त्याला मिळाली, आणि जहागिरीबरोबर तिथले शेकडो भूदास. विकला गेलेला मुलगा आता माणसांचा मालक होता. त्याने भूदास मुक्त केले नाहीत. तो विचारही त्या काळच्या रशियात कोणी बोलून दाखवत नव्हते. मात्र एस्टोनियातली आपली काही जमीन त्याने एका जर्मन माणसाला खंडाने दिली, तेव्हा करारात कलम घातले की शेतकऱ्यांना मारायचे नाही आणि ठरलेल्या वेठीपेक्षा जास्त राबवायचे नाही. खंडकऱ्याने ते मोडले तेव्हा अब्रामने करारच रद्द केला. एस्टोनियन इतिहासकार गेऑर्ग लेट्स यांनी ही हकीकत कागदपत्रांनिशी मांडली आहे. येवदोकियाचा नवरा आणि हे कलम लिहिणारा मालक एकच माणूस होता. दोन्ही कागद मी समोरासमोर ठेवले आहेत. त्यांची बेरीज-वजाबाकी केलेली नाही.

पुढची बढती मी प्रस्तावनेत झरझर सांगतो, कारण पुस्तकात ती सविस्तर आहे. स्वीडनशी तह झाल्यावर नवी सरहद्द आखणाऱ्या रशियन पथकाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. १७५२ मध्ये तो पीटर्सबर्गला अभियंता दलात गेला, १७५६ मध्ये जनरल-इंजिनियर झाला, १७५९ मध्ये जनरल-आँशेफ, म्हणजे त्या सैन्यातल्या सर्वोच्च दर्जांपैकी एकाचा मानकरी. लादोगाचा कालवा आणि क्रोनस्टाटची कामे त्याच्या देखरेखीखाली होती. क्रोनस्टाटला मजुरांच्या मुलांसाठी त्याने शाळा चालवली. शिकवण्याची त्याची खोड जनरल झाल्यावरही सुटली नाही. १७६२ मध्ये तिसऱ्या पीटरने त्याला सेवेतून काढले आणि तो सुइदा या आपल्या जहागिरीवर जाऊन राहिला. तिथे त्याने बटाटे लावले. रशियन शेतकरी तेव्हा त्या कंदाला हात लावायला तयार नव्हता. १७८१ मध्ये, पंच्याऐंशीच्या आसपास, तो वारला. त्याची कबर नेमकी कोणती हे आता सांगता येत नाही. चेहराही हरवला आहे. त्याचे म्हणून वर्षानुवर्षे पुस्तकांत छापले गेलेले तैलचित्र मेलर-झाकोमेल्स्की या दुसऱ्याच सेनापतीचे निघाले. म्हणून या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चित्र नाही, मोहोर आहे.

थोरला मुलगा इव्हान आरमारी तोफखान्यात गेला. १७७० मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावरचा नवारिनोचा किल्ला त्याने घेतला आणि पुढे १७७८ मध्ये काळ्या समुद्राकाठी खेरसन शहराच्या उभारणीचे काम त्याच्याकडे आले. त्सारस्कोये सेलोच्या बागेतल्या मोरिया स्तंभावर त्याचे नाव आहे. त्या बागेला लागूनच असलेल्या शाळेत १८११ ते १८१७ पुश्किन शिकला.

पणतवाला हा वारसा फुकट मिळाला नाही. १८३० मध्ये फादेई बुल्गारिन या संपादकाने आडवळणाने छापले, की एका कवीचा आफ्रिकन राजपुत्र म्हणून मिरवला जाणारा पूर्वज एका तांडेलाने रमच्या बाटलीला विकत घेतला होता. पुश्किनने कवितेतून जबाब दिला. पण त्याच्याही आधी, मिखाइलोव्स्कोयेला हद्दपारीत दोन वर्षे काढत असताना, त्याने हा पणजोबा शोधायला घेतला होता. अब्रामचा म्हातारा मुलगा प्योत्र तेव्हा अजून हयात होता. जर्मन चरित्राची प्रत पुश्किनच्या कागदांत सापडते, तिच्या भाषांतरासह. १८२७ मध्ये त्याने कादंबरी लिहायला घेतली : पॅरिसहून परतलेला काळा अभियंता, त्याच्यासाठी स्थळ शोधणारा झार, आणि मनात दुसराच असलेली उमरावाची मुलगी. येवदोकियाची सावली त्यात स्पष्ट दिसते. सातव्या प्रकरणात तो थांबला. ‘पीटर द ग्रेटचा अराप’ हे नावही नंतरच्या संपादकांनी दिलेले. १९७६ मध्ये त्यावर रशियन चित्रपट निघाला आणि अब्रामची भूमिका व्लादिमिर व्हिसोत्स्कीने चेहरा काळा रंगवून केली.

‘पीटर द ग्रेटचा अराप’ या नावातली षष्ठी मला टोचते. पीटरचा. एवढे शिकून, एवढे बांधूनही तो कोणाचातरीच राहिला.

नावांबद्दल थोडे सांगायला हवे. रशियनमध्ये ‘ह’ नाही, त्यामुळे हॅनिबालचा गानिबाल झाला. हे आडनाव त्याला कोणी दिले नव्हते, मोठेपणी त्याने स्वतः घेतले. त्याआधी कागदोपत्री तो अब्राम पेत्रोव असे, म्हणजे पीटरच्या नावानेच. म्हणून पुस्तकाच्या पहिल्या भागात मी त्याला अब्राम म्हटले आहे आणि त्याने आडनाव घेतले त्या पानापासून गानिबाल.

पुस्तकाची सुरुवात कुठून करावी यावर मी बरेच दिवस अडलो होतो. इस्तंबूलच्या बाजारातून करावी असे अनेकांनी सुचवले. तिथे रंग आहे, गर्दी आहे, कारुण्य आहे. पण तिथले जे काही आपल्याला ठाऊक आहे ते सगळे दुसऱ्यांनी सांगितलेले आहे. त्याचा स्वतःचा आवाज मला प्रथम ऐकू येतो तो फ्रान्समधून मकारोवला लिहिलेल्या पत्रांत. म्हणून पहिले प्रकरण तिथले आहे : खोलीत पुस्तकांचा ढीग, खिशात कोणी न घेणाऱ्या नोटा, डोक्यावर लढाईतली जखम, आणि कागदावर आणखी थोडे शिकू द्या अशी विनंती.